जपानहून आयात केलेली डेलिका कच्च्या रस्त्यांसाठी घ्यायची असेल, तर छप्पर कोणते निवडावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटिश कोलंबियात राहून, जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर पत्नी, दोन मुले आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे आई-वडील यांच्यासह फिरण्यासाठी मित्सुबिशी डेलिका स्पेस गिअर ही व्हॅन घ्यायची आहे. विक्रेत्याकडे साध्या कमी उंचीच्या छपराची, उंच छपराची आणि काचेच्या ‘क्रिस्टल लाइट’ छपराची अशा तीन गाड्या आहेत. किमतीत फारसा फरक नाही, तेव्हा कोणती घ्यावी?

या प्रांतात मी याच जातीच्या दोन गाड्या वापरल्या आहेत, पहिली काचेच्या छपराची आणि दुसरी साध्या. तेव्हा माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असे म्हणवत नाही. रात्री गाडीत झोपायचे नसेल, तर साधे, कमी उंचीचे, पत्र्याचे छप्पर घ्यावे. गाडीत झोपायचे असेल आणि पलंगाखाली सामानाचे कप्पे करायचे असतील, तर उंच छप्पर घ्यावे. काचेचे छप्पर मात्र गाडी आडोशाला उभी राहणार असेल आणि आपल्याला स्वतः दुरुस्ती करण्याची हौस असेल तरच घ्यावे. या तिन्हींच्या वर एक अट आहे: छपराचा प्रकार कोणताही असो, ते कोरडे आणि गंजरहित असले पाहिजे. गळके साधे छप्पर आणि धडधाकट काचेचे छप्पर यांतून निवड करायची वेळ आली, तर मीसुद्धा काचेचेच घेईन.

ही छपरे एवढ्या प्रकारची का, हे कळले की निवड जरा सोपी होते. जपानमध्ये ‘पाच नंबर’ या लहान गाड्यांच्या वर्गात बसण्यासाठी लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि उंची २ मीटर यांच्या आत राहावे लागते. इंजिनाच्या आकाराची २००० सीसीची मर्यादाही आहे, पण ती डिझेलला लागू होत नाही. १९९४ साली आलेल्या स्पेस गिअरची रुंदी १६९५ मिलिमीटर आहे ती याच हिशेबाने, आणि टोयोटा हायएसच्या २००४ सालच्या पिढीतल्या साध्या छपराच्या गाडीची उंची १९८० मिलिमीटर आहे तीही याच हिशेबाने. म्हणजे कमी उंचीचे छप्पर हे दोन मीटरच्या रेषेखाली मुद्दाम बसवलेले छप्पर आहे आणि उंच छप्पर ती रेषा ओलांडते. हा नियम जपानचा असला तरी दोन मीटरचा आकडा आपल्याला इथेही भेटतो, कारण व्हँकुव्हरच्या अनेक तळघरांतील वाहनतळांच्या तोंडाशी टांगलेल्या दांडीवर साधारण तेवढीच उंची लिहिलेली असते. आपण इमारतीच्या तळघरात गाडी लावत असाल, तर बाकीचे उत्तर वाचण्याआधी मोजपट्टी घेऊन ती दांडी आणि तिच्या पुढच्या, छताखालून गेलेल्या पाण्याच्या नळ्या यांची उंची मोजून यावी. या गाड्यांना मागील मालकाने मोठी चाके लावलेली किंवा स्प्रिंगखाली ठोकळे घालून उंची वाढवलेली असणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे कागदावरच्या उंचीवर विसंबू नये, समोर उभी असलेली गाडीच मोजावी.

आता कच्च्या रस्त्याकडे वळतो. उंच छपराची गाडी कलंडते, असे आपल्याला बरेच जण सांगतील. हे अर्धवट खरे आहे. मुळात उंच छपराने वाढतो तो थोडासा पत्रा, आणि त्याने गुरुत्वमध्य फारसा हलत नाही. तो हलतो त्या छपरावर आपण जे चढवतो त्याने. एक ढोबळ हिशेब करून पाहू. गाडीचे वजन २००० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आणि दोन चाकांमधले अर्धे अंतर ७० सेंटीमीटर धरले, तर स्थिर उभी गाडी सुमारे ४१ अंशांपर्यंत कलून सावरू शकते. आता छपरावर, २.१ मीटर उंचीवर, जाळी, तंबू आणि डिझेलचे डबे मिळून ७५ किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य जवळपास ५ सेंटीमीटर वर जातो आणि तोच कोन साडेएकोणचाळीस अंशांच्या आसपास येतो. दीड अंश काही मोठा नाही, असे वाटेल. पण हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. चालत्या गाडीत एका बाजूचे चाक पावसाने खणलेल्या चरात उतरते, स्प्रिंगा दबतात, वरचे ओझे त्याच बाजूला झुकते आणि पुढच्याच क्षणी गाडी उलट दिशेला फेकली जाते. त्या हेलकाव्यात वरचे ७५ किलो हातोड्याच्या टोकासारखे काम करतात. लहानपणी एसटीच्या टपावर चढवलेल्या पोत्यांनी घाटातल्या वळणावर गाडी कशी झुलायची हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना हे गणित मांडून दाखवण्याची गरज नाही.

त्यामुळे माझ्या दृष्टीने कमी उंचीच्या छपराचा खरा फायदा असा, की सामान वर ठेवायचेच ठरले, तर ते निदान दहाएक सेंटीमीटर खाली राहते आणि चाकावर किंवा दाराच्या कडेवर उभे राहून आपला हात तिथे पोहोचतो. उंच छपरावरचा दोर आवळायला शिडी लागते, आणि शिडी नसली की दोर सैल राहतो. दुसरा फायदा झाडांचा. लाकडाचे ट्रक ज्यांवरून चालतात ते मुख्य जंगलरस्ते रुंद असतात, पण त्यांना फुटणाऱ्या जुन्या, वापरात नसलेल्या फाट्यांवर दोन्ही बाजूंनी अल्डरची झाडे वाकून कमान करतात. तळ्याकाठची चांगली जागा नेमकी अशाच फाट्याच्या टोकाला असते. पत्र्यावर ओरखडे येतात, ते येऊ द्यावेत. काचेच्या कडेच्या रबरात फांदी अडकून ते उचकटले, तर मात्र ते सोसण्यासारखे नसते.

उंच छपराची आणखी एक बाजू म्हणजे वारा. दक्षिण अल्बर्टात पिंचर क्रीक आणि फोर्ट मॅकलाऊडच्या परिसरात आडवा वारा सुटतो, तेव्हा उंच, अरुंद आणि चौकोनी गाडी चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. शिवाय बीसी फेरीजच्या बोटींवर ७ फूट, म्हणजे २.१३ मीटर ही उंच वाहनांची सीमा आहे. नुसती उंच छपराची डेलिका तिच्या आत राहते, पण तिच्यावर सामानाची पेटी चढवली की ती सीमेपार जाते. आरक्षण करताना ते खरेखरे सांगावे लागते.

काचेच्या छपराविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण तीन गाड्यांतील तीच आपल्या मुलांना सर्वांत जास्त आवडणार आहे. तो मोह मी समजू शकतो. छपराच्या दोन्ही कडांना लांबट काचा, पुढच्या आसनांवर सनरूफ, आणि मागे बसलेल्या माणसाला मान न वाकवता डोंगराचा माथा दिसतो. बेला कूलाकडे उतरताना हेकमन खिंडीच्या १५२४ मीटर उंचीवरून रस्ता १८ टक्क्यांपर्यंतच्या उताराने खाली कोसळतो. तिथे मागच्या आसनावरून माझ्या सासूबाईंना जे दिसले, ते साध्या छपराच्या गाडीतून दिसले नसते. (त्यांनी त्यांतला बराचसा वेळ डोळे मिटून स्तोत्र म्हटले, ही गोष्ट वेगळी.)

पण ती गाडी मी जुलैमध्ये घेतली होती. नोव्हेंबरच्या पावसात एका सकाळी आतला दिवा लावला, तेव्हा त्याचा प्रकाश हलत होता. जवळून पाहिले तर दिव्याच्या प्लास्टिकच्या झाकणात दोन बोटे पाणी साठले होते आणि त्यात पाइनची एक सुई तरंगत होती. झाकण काढताच पाणी बाहीतून कोपरापर्यंत आले. त्यानंतर छताचे आतले कापड खाली ओढून पाहिले, तेव्हा काचेच्या कडेने पत्रा तपकिरी पापुद्र्यांनी भरलेला होता. गळती काचेतून नव्हतीच. सनरूफच्या खाचेत पडणारे पाणी खाली नेण्यासाठी कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. त्या नळ्या झाडांच्या कचऱ्याने तुंबल्या होत्या आणि खाच भरून पाणी आत सांडत होते. नळ्या मी साफ केल्या, पण कच्च्या रस्त्यावर पिळवटून आणि उन्हाने कडक होऊन बाजूच्या काचांची रबरेही आकसली होती आणि त्यांना तेवढा सोपा उपाय नव्हता. जपानमध्ये या गाडीचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात, पण छपराची विशिष्ट काच किंवा तिचे नेमके रबर शोधायचे म्हणजे बहुधा भंगारात निघालेली दुसरी गाडीच शोधावी लागते. याशिवाय थंड रात्री आत चार माणसे झोपली की त्या काचांवर श्वासाचे दव धरते आणि पहाटे ते अंथरुणावर टपकते. काचांवरून सामानाची जाळी बसवणेही अवघड होते.

झोपण्याचा मुद्दा मात्र उंच छपराच्या बाजूने जातो, आणि तो नेमका मोजून ठरवता येतो. उंच छपरातही प्रौढ माणूस सरळ उभा राहू शकत नाही, ही आशा सोडून द्यावी. प्रश्न उभे राहण्याचा नसून पलंगावर ताठ बसता येते की नाही, हा आहे. खाली खोके सरकतील असा फळ्यांचा पलंग केला तर तो साधारण ३५ सेंटीमीटर उंच होतो, त्यावर गादी १० सेंटीमीटरची, आणि मध्यम बांध्याच्या माणसाची बसल्यावरची उंची ८५ ते ९० सेंटीमीटर. म्हणजे गाडीच्या आतल्या तळापासून छताच्या कापडापर्यंत निदान १३५ सेंटीमीटर हवेत. पाहायला जाल त्या गाडीत मागच्या बाजूला, पलंग जिथे येणार तिथेच, हे अंतर मोजावे. दोन दिवस पाऊस लागला आणि आत मान वाकवून चहा प्यावा लागला, की दहा सेंटीमीटरची किंमत कळते. आपण तंबूत झोपणार असाल आणि गाडी फक्त प्रवासाला वापरणार असाल, तर या दहा सेंटीमीटरांचा उपयोग शून्य आहे. आई-वडिलांना चढायला सोपे जाईल म्हणून उंच छप्पर घेण्याचा विचार असेल, तर तोही तपासून पाहावा. छप्पर उंच म्हणून दार उंच असतेच असे नाही, आणि वयस्कर माणसाला अडतो तो पायरीचा उंबरठा. तिथे एक जास्तीची पायरी लावणे हाच उपाय.

माझ्दा बॉन्गो फ्रेंडीचे विजेवर वर उचलले जाणारे छप्पर पाहून कोणी तिचे नाव सुचवले, तर ती आरामाची गाडी आहे, पण तिच्या फोर-व्हील-ड्राइव्ह प्रणालीत लो रेंज, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारा गिअरचा खालचा टप्पा, नाही. डेलिकाच्या सुपर सिलेक्ट प्रणालीत ती आहे, पुढची आणि मागची चाके एकाच वेगाने फिरावीत म्हणून मधला डिफरन्शिअल बांधण्याची सोयही आहे, आणि आपण जे रस्ते म्हणता आहात तिथे उतारावर पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरताना लो रेंजचाच आधार असतो.

गाडी पाहायला जाताना शक्यतो पावसाच्या दिवशी जावे. आधी विक्रेत्याकडून जपानमधल्या लिलावाचा मूळ तक्ता, म्हणजे तिथे गाडी तपासून भरलेला कागद, मागून घ्यावा. त्यात गाडी वरून पाहिल्यासारखी उलगडून काढलेली असते आणि मधला चौकोन म्हणजे छप्पर. त्या चौकोनात ‘एस’ हे अक्षर असेल तर गंज, ‘सी’ असेल तर पत्रा खाल्ला गेला आहे, ‘डब्ल्यू’ असेल तर तिथे पूर्वी दुरुस्ती झाली आहे. खालच्या जपानी शेऱ्यात ‘अमामोरी’ हा शब्द आहे का, हे ज्याला जपानी वाचता येते त्याच्याकडून पाहून घ्यावे, कारण त्याचा अर्थच छप्पर गळणे असा आहे. विक्रेता तक्ता देण्यास टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

प्रत्यक्ष गाडीत पुढच्या खांबांच्या आतल्या कापडाला हात लावून पाहावा, पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून वास घ्यावा, आणि सनरूफ असेल तर ते उघडून खाचेत बाटलीने थोडे थोडे पाणी ओतावे. ते मिनिटभरात गाडीखाली पडायला लागले पाहिजे. खाचेत तसेच राहिले, तर नळी तुंबलेली आहे. कुठेच दिसेनासे झाले, तर ते आत गेले आहे. आपल्या तिसऱ्या गाडीच्या काचांभोवती सिलिकॉनचा जाड, बोटाने फिरवलेला थर दिसला आणि ‘खबरदारी म्हणून लावले आहे’ असे सांगण्यात आले, तर ती गाडी तिथेच सोडून उरलेल्या दोनांकडे वळावे.