लिहिण्याआधी पुन्हा एकदा मांड

प्रिय दोस्ता,

अझूल या पटावरच्या खेळावरचं तुझं परीक्षण वाचलं. आधी फरशांचा गुळगुळीतपणा, मग डब्यावरची नक्षी, मग नियमांचा सारांश आणि शेवटी 'एकदा तरी खेळून पाहावा असा खेळ'. भाषा चांगली आहे. पण ज्याने डबा उघडून नुसती नियमपुस्तिका चाळली, त्यालाही हे सगळं लिहिता आलं असतं. माणसं बसल्यावर त्या टेबलाभोवती काय झालं, याबद्दल एक ओळ नाही.

अझूलचंच बघ. प्रत्येक चकतीवर चार फरशा. एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मधोमध सरकवायच्या. आपल्या ओळीत मावल्या नाहीत त्या खालच्या पट्टीत जातात आणि तिथे गुण वजा होतात. खेळ संपला म्हणावं इतका सोपा. पण दोघे बसले तर चकत्या 5 आणि फरशा 20. चौघे बसले तर चकत्या 9 आणि फरशा 36. दोघांच्या डावात फेरी संपत आली की सगळा हिशेब डोळ्यांसमोर असतो. मी ही लाल उचलली की समोरच्याला मधल्या सगळ्या निळ्या घ्याव्याच लागणार आणि त्याच्याकडे निळ्याला जागाच नाही. थंड डोक्याची कुरघोडी! चौघांत मात्र आपली पाळी येईपर्यंत पट इतका बदललेला असतो की आधी केलेला बेत निम्म्या वेळा फुकट जातो. तू किती जणांत डाव मांडलास, हे तुझ्या लेखात कुठेच नाही. ते नसेल तर वाचणाऱ्याने कुठल्या खेळाबद्दल वाचलं म्हणायचं?

म्हणून एकच गोष्ट सांगतो. बाकीचं पत्र विसरलास तरी चालेल. लिहिण्याआधी पुन्हा खेळ. वेगळ्या माणसांत, वेगळ्या संख्येत, आणि जमलं तर एकदा कंटाळा आलेला असतानाही.

पहिल्या डावात आपण खेळ खेळत नसतो, नियमांशी झटत असतो. उवे रोझेनबर्गचा शेतीवरचा खेळ अग्रिकोला (2007) याचं चांगलं उदाहरण. 14 फेऱ्यांमध्ये 6 वेळा सुगी येते आणि प्रत्येक सुगीला घरातल्या माणशी 2 अन्न द्यावं लागतं. पहिली सुगी चौथ्या फेरीनंतर, मग सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या. मधलं अंतर कसं आक्रसत जातं पाहिलंस? नवखा माणूस पहिल्या सुगीला सावरतो आणि पुढे धापा टाकत राहतो. अन्न कमी पडलं तर दर नगामागे 3 गुण वजा, शेताची रिकामी राहिलेली चौकटही गुण खाते. पहिल्या डावानंतर लिहिलेलं परीक्षण म्हणूनच हमखास रडकं निघतं: खेळ क्रूर आहे, काही करूच देत नाही. तिसऱ्या डावात कळतं की ती टंचाई हाच खेळ आहे, आणि भाकरीची सोय आधी लावून मग घर वाढवण्यात काय गंमत आहे.

डोमिनियनचं याच्या उलट होतं. डोनाल्ड व्हॅक्कारिनोच्या या 2008 च्या खेळात पत्ते विकत घेत आपली गड्डी घडवायची असते. पहिल्या आवृत्तीत, चांदी-सोन्यासारखे नेहमीचे पत्ते सोडून, पत्त्यांचे 25 प्रकार होते आणि दर डावाला त्यांतले 10 निवडायचे. बेरीज-गुणाकार केला तर 32 लाखांहून जास्त जोड्या होतात. हा आकडा परीक्षणात टाकायचा मोह होतो, कारण तो भारदस्त दिसतो. पण विविधता आकड्यात नसते. पहिल्या डावात सगळे हौसेने मिळतील ते पत्ते घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या डावात कोणाच्या तरी लक्षात येतं की बाकी काही न घेता नुसती चांदी-सोनं घेत राहिलं तरी या हौशी मंडळींना हरवता येतं. तिथे बरेच जण 'खेळ मोडका आहे' म्हणून डबा मिटवतात. त्याच्याही पुढे गेलं की आपल्या गड्डीतले निकामी पत्ते काढून टाकण्याची कला कळते, आणि मग नुसत्या चांदी-सोन्यावर भागत नाही. म्हणजे एकाच खेळाबद्दल तीन टप्प्यांवर तीन मतं, आणि त्या त्या वेळी तिन्ही प्रामाणिक. वाचणाऱ्याला निदान एवढं कळू दे की तू कोणत्या टप्प्यावरून बोलतो आहेस.

आता माणसांचं. मॅट लीकॉकचा पँडेमिक (2008) सगळे मिळून खेळतात, रोगांशी लढतात. त्यातली खरी करामत पत्त्यांच्या एका गड्डीत आहे: साथ उसळली की आधी येऊन गेलेल्या शहरांचे पत्ते पिसून पुन्हा गड्डीच्या वरच ठेवायचे. त्यामुळे ज्या शहरात नुकताच रोग आला तिथेच तो परत येणार, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. ती धास्तीच खेळ पुढे ढकलते. पण टेबलावर एखादा सर्वज्ञ असेल तर तो सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळतो आणि बाकीचे त्याच्या सोंगट्या हलवायला उरतात. हानाबी हाही सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ, पण त्यात स्वतःचे पत्ते स्वतःला दिसत नाहीत आणि इशारे मोजूनमापून द्यावे लागतात. द माइंड या तशाच खेळात तर बोलायचंच नाही. सर्वज्ञांची जिरवायला दोन्ही उत्तम. तेव्हा 'सहकारी खेळ आहे, सर्वांना आवडेल' असं लिहू नकोस. कोणासारख्या माणसाबरोबर हा खेळू नये, हे लिही.

डाव संपला की जिंकलेल्याचं मत विचारूच नकोस. जिंकलेल्याला प्रत्येक खेळ बरा वाटतो. शेवटच्या नंबरावर आलेल्याला विचार की शेवटचा अर्धा तास त्याने काय केलं. त्याच्याकडे निवडायला काही होतं, की तो फक्त पाळी आली म्हणून फासे टाकत होता? की त्याला स्वतःला जिंकता येत नव्हतं, पण कोण जिंकणार हे त्याच्या हातात होतं? या एका प्रश्नातून खेळाची जेवढी पारख होते, तेवढी घटकांची यादी करून होत नाही.

हे मनात ठेवून कटान पुन्हा एकदा खेळ. क्लाउस टॉयबरचा हा 1995 चा खेळ जुन्या खेळाडूंना आता बाळबोध वाटतो. 'सगळा फाशांचा खेळ' म्हणून ते नाक मुरडतात. मला हे पटत नाही. त्यात दोन फाशांची बेरीज जो आकडा दाखवेल, त्या आकड्याच्या जमिनीलगतच्या वस्त्यांना माल मिळतो. दोन फाशांच्या 36 शक्यतांत 6 आणि 8 ही बेरीज प्रत्येकी 5 वेळा येते, 2 आणि 12 एकेकदाच. हे सगळं खेळ सुरू होण्याआधीच पटावर लिहिलेलं असतं. बाराच्या आकड्यावर वस्ती थाटायची आणि मग नशिबाला बोल लावायचा, हा रडीचा डाव झाला. कटानमधला खरा दोष वेगळा आहे. सुरुवातीच्या दोन वस्त्या चुकीच्या जागी पडल्या तर कोंडलेल्या माणसाला शेवटपर्यंत नुसतं बसावं लागतं, आणि त्याच्याशी देवाणघेवाण करायलाही कोणी उत्सुक नसतं. दोष सांगायचा तर असा नेमका सांग.

नियम शिकवण्याकडेही लक्ष दे, कारण वाईट शिकवलेला खेळ वाईटच वाटतो. आदल्या रात्री एकट्याने पट मांडून बघ. शिकवताना आधी सांग की जिंकायचं कशाने, मग खेळ संपतो कधी, आणि मग एका पाळीत काय करता येतं. अपवाद त्या त्या वेळी. पहिल्या डावानंतर पुस्तिका परत वाच, काहीतरी निसटलेलं सापडतंच. आवृत्तीही नोंदव. कार्कासोन या खेळात शेतकऱ्यांचे गुण मोजण्याची पद्धत आवृत्तीगणिक बदलली आहे. दोन माणसं तावातावाने भांडतात आणि दोघांचंही त्यांच्या त्यांच्या पुस्तिकेप्रमाणे बरोबर असतं.

रचनाकाराचं नाव लिहायला विसरू नकोस. तुझ्या लेखात अझूल रचणाऱ्या मिखाएल कीस्लिंगचं नाव नाही. 1988 साली न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात काही रचनाकारांनी बिअरच्या पेल्याखालच्या चकतीवर सह्या करून ठरवलं होतं की डब्यावर आपलं नाव छापणार नसतील तर प्रकाशकाला खेळ द्यायचा नाही. आज ते नाव डब्यावर ठळक दिसतं ते अशा हट्टामुळे. आणि 'श्पील देस यारेस' हे जर्मन पारितोषिक, जे 1979 मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं, तेही कारखानदारांचं नव्हे, खेळांवर लिहिणाऱ्या समीक्षकांचं. आपल्या लिहिण्याला काही किंमत आहे का, असं तू विचारलं होतंस, म्हणून सांगितलं.

दहापैकी गुण द्यायचे की नाही, हे तुझं तू ठरव. मी देत नाही. लोक आकडा वाचतात आणि लेख सोडतात.

राहता राहिले प्रकाशकांकडून फुकट येणारे डबे. आला तर घे, आणि फुकट आला आहे हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात सांग. तारीख मात्र कोणाला देऊ नकोस. 'तीन-चार डाव झाले की लिहीन' एवढंच कळव. त्यांना नवा खेळ बाजारात यायच्या आधी लेख हवा असतो, त्यामुळे काही जण पाठवणं बंद करतील. करोत. तुझ्या कपाटात वेष्टनही न काढलेले किती डबे आहेत, ते मला माहीत आहे.

तुझा,
एक जुना भिडू