आई-बाबांना युरोपला नेताय? आधी पॉलिसी वाचा

नाशिकच्या कॉलेज रोडच्या एजंटने टूरसोबत दिलेली प्रवास विम्याची पॉलिसी डोळे झाकून घेऊ नका. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं. तेवढ्यात व्हिसाचं काम भागेल, पण वडिलांच्या बीपी-शुगरचं काय? जुने आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, किंवा जिवावर बेतलं तरच ठरावीक रकमेपर्यंत खर्च मिळतो. ते कलम शोधाच. फॉर्मवर आजार लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. डिडक्टिबलही बघा, तेवढी रक्कम आपल्या खिशातून जाते. बॅग हरवली तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनचा लेखी रिपोर्ट घ्या. (सामानाच्या कव्हरला मी फार भुलत नाही, कंबरडं मोडतं ते हॉस्पिटलचं बिल.) विमा कंपनीचा मदत क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये नाशिकमधूनच सेव्ह करून निघा.