‘ड्राउन आउट’चा अर्थ काय? आवाज कसा काय बुडतो?

ड्राउन म्हणजे बुडणं, मग ‘द म्युझिक ड्राउन्ड आउट हिज व्हॉइस’ या वाक्यात बुडालं कोण, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेते, आणि हे वाक्य आलं की मुलं हमखास अडतात.

मोठ्या आवाजाखाली लहान आवाज असा दबून जातो की तो ऐकूच येत नाही, हा त्याचा अर्थ. लहान आवाज बंद पडलेला नसतो बरं का. तो चालूच असतो, आपल्यापर्यंत पोचत नाही एवढंच.

विसर्जनाच्या दिवशी मी आणि मावशी बेलबाग चौकात उभ्या होतो. पुढ्यात पथकाचं वादन रंगात आलेलं. मावशी माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होती. तिच्या श्वासाची ऊब कानाला लागत होती, पण शब्द एकही कळेना. शेवटी तिने मोबाइलवर टाइप करून दाखवलं, ‘पाणी आहे का?’ आता हेच इंग्रजीत सांगायचं तर ‘द ढोल्स ड्राउन्ड हर आउट.’

बहुतेकांची चूक होते ती इथेच. मराठीत आपण ‘गोंगाटात माझा आवाज बुडाला’ म्हणतो, म्हणून मुलं सरळ ‘माय व्हॉइस ड्राउन्ड आउट’ लिहितात. ते चुकीचं आहे. इथे बुडवणारा मोठा आवाज हा कर्ता, आणि बुडणारा आवाज किंवा माणूस हे कर्म. बुडणाऱ्यापासून वाक्य सुरू करायचं असेल तर ‘वॉज’ हवाच: ‘माय व्हॉइस वॉज ड्राउन्ड आउट बाय द ढोल्स.’ आणि हिम, हर, देम अशी सर्वनामं नेहमी मधे येतात. ‘ड्राउन्ड हर आउट’ बरोबर, ‘ड्राउन्ड आउट हर’ नाही. नाम असेल तर दोन्हीकडे चालतं.

‘शट आउट’शी मात्र गल्लत करू नका. मिरवणुकीचा आवाज नको म्हणून आजीने खिडकी लावून घेतली, तर ते शट आउट. नातवाने त्याच आवाजावर मात करायला टीव्ही मोठा केला, तर ते ड्राउन आउट. आवाजावर आवाज चढवलेला असला पाहिजे.

कधी हे आपोआप होतं, कधी मुद्दाम केलं जातं. मुद्दाम बुडवण्याचं मला आवडणारं उदाहरण शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’मधलं आहे. हे नाटक 1597 मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं. त्यात राजाची आई आणि वहिनी वाटेत गाठून त्याला त्याच्या पापांचा जाब विचारतात, तेव्हा तो नगारे आणि कर्णे वाजवायला सांगतो. गप्प बसला नाहीत तर तुमचा आक्रोश युद्धाच्या गजरात बुडवून टाकीन, अशी धमकीही देतो. तिथे नुसतं ‘ड्राउन’ आहे, ‘आउट’ नाही. आज बोलताना आवाजाच्या बाबतीत ‘आउट’ लावलेलंच जास्त ऐकू येतं, तेव्हा तुम्ही तेच वापरा.

एक उच्चाराचं राहिलं. भूतकाळी रूप ‘ड्राउन्ड’, एका दमात. ‘ड्राउंडेड’ असं रूप प्रमाण इंग्रजीत नाही.