मान खाली का घातलीस?

चि. सौ. हिस, अनेक आशीर्वाद.

पालकसभेत शेजारच्या बाईनं लेकीच्या प्रवेशावरून "आरटीईमधून का?", म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या फुकट जागेवर का, असं विचारलं आणि तू मान खाली घातलीस, हे फोनवर ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तिचं विचारणं आगाऊपणाचंच. पण मान का घातलीस गं?

कुणी बघत नसतं, तुझ्या मनाचे खेळ आहेत, असलं काही मी सांगणार नाही. बघतात. चप्पल बघतात, डबा बघतात, ग्रुपवर तू मराठीत लिहिलंस की उत्तर न देता पुढं जातात. मीही बघायचे. आपल्या नगरपालिकेच्या शाळेत एक आई कामावरून तशीच यायची, मोठ्यानं बोलायची, आणि मी तिला दारातूनच वाटेला लावायचे. एकदा ती हटून बसली. "बाई, फळ्यावरचं याला दिसतं का तेवढं बघा." वर्षभर मी त्या पोराला 'लक्ष नसतं' असा शेरा देत होते. त्याला चष्मा लागला. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

तेव्हा सभेला जाताना एकच प्रश्न घेऊन जा, लेकीबद्दलचा. मराठीत विचार, पूर्ण वाक्यात. "मला इंग्रजी येत नाही, सॉरी" अशी सुरुवात करू नकोस. वर्गशिक्षिकेला मराठी येतं, मी पैजेवर सांगते.

आता ते 'फुकट'. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावं लागतं. त्याची प्रतिपूर्ती सरकार शाळेला करतं. ती रखडते, त्यावरून भांडणं होतात, पण तो त्या दोघांचा हिशेब. तुझ्या लेकीनं कुणाच्या ताटातला घास उचललेला नाही.

आणखी एक गंमत. राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो, आणि कार्यकारी समितीवरचे पालक इच्छुकांमधून सोडत काढून घेतात. म्हणजे लेक सोडतीनं आत गेली, तशी तूही जाऊ शकतेस. जूनमध्ये नाव दे. ती समिती फीचं बघते, मग फीशी आपला काय संबंध म्हणशील, पण ती विचारणारी बाई त्याच टेबलाशी बसलेली असेल, आणि तिला तुझं नाव पाठ करावं लागेल. (हा माझा खवचटपणा, सोडून दे.)

घरी लेकीसमोर यातलं काही बोलू नकोस. पोरांचे कान तिखट असतात.

शनिवारी कोपऱ्यात बसू नकोस, तिथं नीट ऐकू येत नाही. आणि सभा झाली की फोन कर. नऊनंतर, आधी माझी मालिका असते.

तुझ्या बाई