आकाशातले काळे ठिपके: दोष फिल्मचा की धुण्याचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३५ मिमी कृष्णधवल रोल, मुदतीच्या आतला, घरीच धुतलेला. प्रिंटमध्ये आकाशभर बारीक काळे ठिपके आलेत. कंपनीला कळवावं का, आणि हे फोटो वाचतील का? ते पुन्हा काढता येण्यासारखे नाहीत हे वाचून फार वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठिपके काळे आहेत हे नेमकं सांगितलंत ते बरं झालं. प्रिंट करताना निगेटिव्हवर धूळ बसली असती तर ठिपके पांढरे आले असते. काळा ठिपका म्हणजे निगेटिव्हवर त्या जागी चित्र घडवणारी चांदीच नाही, उजेड सरळ आरपार जातोय. हाच पिनहोल. आकाश निगेटिव्हवर गडद आणि एकसारखं असतं, म्हणून तिथे तो लगेच डोळ्यांत भरतो. झाडाझुडपांतही असेलच, फक्त दिसत नाही.

आता निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून दहापट भिंगाने पाहा. ठिपका वेडावाकडा, तंतूसारखा किंवा कोपरे असलेला असेल तर ती फोटो घेताना कॅमेऱ्यात फिल्मवर बसलेल्या धुळीची सावली आहे. गोल, जरा मोठा, कडा पुसट आणि आत थोडी करडी छटा असेल तर डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ओतल्यावर हवेचा बुडबुडा चिकटला होता. टाकी ओट्यावर दोनतीनदा आपटली की हा त्रास बहुतेक जातो. पण ठिपका सुईने टोचल्यासारखा, कडा धारदार आणि आत अगदी स्वच्छ असेल, तर दोनच संशयित उरतात: इमल्शनच्या (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी लेपाच्या) थरातला दोष किंवा स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्लाचं पाणी. कार्बोनेट असलेल्या डेव्हलपरनंतर कडक आम्लाचा स्टॉप बाथ दिला की इमल्शनच्या आत कार्बन डायऑक्साइडचे फुगे धरतात आणि मऊ थराला भोकं पडू शकतात.

या दोघांतला फरक भिंगातून सांगता येत नाही. त्यासाठी लीडर पाहायचा. रोल कॅमेऱ्यात भरताना बाहेर असलेली ती जीभ उजेडात पूर्ण जळलेली असते, म्हणून धुतल्यावर काळीकुट्ट होते. दिव्यासमोर धरा. पिनहोल असतील तर रात्रीच्या आभाळातल्या चांदण्यांसारखे चमकतात. लीडरला उजेड लेन्समधून मिळालेला नसतो, त्यामुळे कॅमेऱ्यातली धूळ इथे आपोआप बाद होते. मग त्याच बॅचचा दुसरा रोल घ्या, वीतभर फिल्म उजेडात ओढून कापा आणि तिचे दोन तुकडे करा. दोन्ही एकाच डेव्हलपरमध्ये धुवा, फक्त एकाला नेहमीचा स्टॉप बाथ द्या आणि दुसऱ्याला त्याच तापमानाचं साधं पाणी. दोन्हींवर चांदण्या दिसल्या तर फिल्म सदोष आहे. फक्त आम्लातल्या तुकड्यावर दिसल्या तर स्टॉप बाथ पातळ करा किंवा पाणीच वापरा, आणि कंपनीला पत्र लिहू नका.

मी हे ठासून सांगतोय कारण एकदा मी तुकडे न धुताच तक्रार केली होती, आणि नंतर दोष माझ्या स्टॉप बाथचा निघाला. दुसऱ्या वेळी उलट झालं. फिल्मच्या कडेला समांतर एक फिकट पट्टा पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत, दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या जागेत मात्र दिसत नव्हता. न वापरलेला रोल उजेडात ओढून धुतला, तर त्या काळ्या फिल्मवरही तोच पट्टा. तिरप्या उजेडात ओरखडा दिसत नव्हता, म्हणजे कॅमेऱ्याने किंवा डबीच्या मखमलीने खरवडलेलं नव्हतं. इमल्शनचा थर मोठ्या रुंद गुंडाळीवर लांबीच्या दिशेने चढतो आणि मग तिच्या अरुंद पट्ट्या कापतात, म्हणून थर देतानाची रेघ अशीच सरळ धावते. त्या वेळी कंपनीने मुकाट्याने नवे रोल पाठवले.

डाग ठरावीक अंतराने येत असेल तर पट्टी लावून मोजा. बरोबर ३८ मिमी, म्हणजे फिल्मच्या कडेची आठ छिद्रं, आलं तर फ्रेमगणिक तीच जागा, अर्थात कॅमेरा. अंतर हळूहळू वाढत किंवा कमी होत गेलं तर दोष फिल्म गुंडाळलेली असताना घडलाय. अंतर कायम पण ३८शी न जुळणारं असेल तर कारखान्यातल्या रोलरवर संशय घ्यायला जागा आहे. (१२० या रुंद, कागदासह गुंडाळलेल्या फिल्मवर आकाशात आकडे किंवा अक्षरं उमटली तर तो मागच्या कागदाचा ठसा. उष्णता आणि दमट हवा तो वाढवतात, त्यामुळे फ्रिजमधला रोल खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाकीट फोडा.)

तक्रार करायची ठरली तर खोक्यावरचा इमल्शन किंवा बॅच नंबर, मुदतीची तारीख, डेव्हलपरचं नाव, प्रमाण, वेळ, तापमान आणि ते दोन तुकडे पाठवा. मूळ निगेटिव्ह लगेच हातातून सोडू नका, आधी फोटो पाठवा. बदली फिल्म मिळते. हुकलेल्या फोटोंची भरपाई बहुतेक कंपन्या खोक्यावरच नाकारतात.

आता तुमचे फोटो. स्कॅन करत असाल तर इन्फ्रारेडने धूळ काढणारी सोय बंद ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे स्कॅनरला चित्रच धूळ वाटतं. (एक्सपी२ सुपरसारख्या रंगद्रव्याच्या फिल्मवर ती चालते.) ठिपके एकेक करून हातानेच भरा, आकाशाचं ग्रेन (बारीक दाणेदार पोत) शेजारूनच उचला. डार्करूममध्ये काळा ठिपका थेट भरता येत नाही. आधी प्रिंटवर तो पोटॅशियम फेरिसायनाइडने फिका करायचा, पुन्हा फिक्स (चित्र पक्कं) करून धुवायचं, आणि वाळल्यावर ०००च्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने, जवळजवळ कोरड्या टोकाने, स्पॉटिंगचा रंग बिंदू बिंदू चढवायचा. मोठ्या निगेटिव्हवर भोक आधीच ओपेकने (उजेड अडवणाऱ्या रंगाने) बुजवता येतं, मग प्रिंटवर पांढरा ठिपका येतो आणि तो भरणं पुष्कळ सोपं जातं. ३५ मिमीवर मात्र ब्रशचं टोकही भोकापेक्षा मोठं असतं, तिथे तो नाद करू नका.

लीडर कचऱ्यात टाकला नसेल तर आधी तो शोधा आणि दिव्यासमोर धरा.