म्हापशात क्लेमाटिस? आधी रानजाई लावून बघा

ताई, डिसेंबरात दोन जांभळी फुलं देणारी तुमची कुंडीतली क्लेमाटिसची वेल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काळी पडून माना टाकते, हे तुम्ही लिहिलेलं वाचून माझ्या तीन वेली आठवल्या. तिन्ही पावसातच गेल्या. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

कुंडी मात्र इतक्यात रिकामी करू नका. वेल मातीलगत कापा आणि कुंडी पागोळ्यांपासून दूर, आत घ्या. लावताना खोडाची खालची दोन-तीन इंच मातीत पुरली असतील, तर तिथल्या डोळ्यांतून नवा कोंब येऊ शकतो. मुळं मऊ होऊन वास येत असेल तर आशा सोडा.

क्लेमाटिसच्या जॅकमनीसारख्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती इंग्लंडात घडल्या. थंडीत पानं गाळून झोपायचं आणि मग जोमानं फुटायचं, ही त्यांची सवय. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा रात्री २० अंशांच्या आसपास असतात, झोपणार कधी? त्यात वर्षाचा ३००० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. पुन्हा लावणारच असाल तर हौशीखातर लावा, वर्षानुवर्षं टिकेल या हिशेबानं नको. ऑक्टोबरात, अठरा इंची खोल कुंडीत, फक्त सकाळी दहापर्यंतचं ऊन येईल अशा जागी. 'पाय सावलीत, डोकं उन्हात' हा नियम युरोपातल्या उन्हासाठी. आपल्या दुपारी डोकंही भाजतं. चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, ती संध्याकाळपर्यंत तापलेली असते. मुळांवर नारळाची सोडणं पसरा. आपली तांबडी माती आंबट, म्हणून चिमूटभर चुना.

माझं मत विचाराल तर पैसे वाचवा आणि रानजाई लावा. हीसुद्धा क्लेमाटिसच, पण सह्याद्रीतली. काही जण मोरवेलही म्हणतात. फुलं पांढरी, लहान, पण पावसाळा सरला की वईवर, म्हणजे कुंपणावर, अशी पसरतात की खालचं झुडूप दिसत नाही. (त्या पाकळ्या नव्हेतच, रंगीत निदलं (कळीभोवतीची, एरवी हिरवी असणारी दलं) आहेत, हे मला फार उशिरा कळलं.) फुलांनंतर बियांना पिसासारखी शेपटी येते, तीही बघण्यासारखी. अभयारण्यातून उपटून आणू नका. कुणाच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वईवर असेल तर विचारून दाब कलम करा, म्हणजे फांदी वाकवून मातीत दाबा आणि मुळं फुटली की तोडा. काडीच लावायची झाली तर दोन डोळ्यांच्या मधोमध कापा. इतर झाडांसारखी डोळ्याखाली नको. चढायला जाड बांबू देऊ नका. ही वेल पानाच्या देठानं विळखा घालते, तिला सुंभ किंवा बारीक तारच हवी.

छाटणी बहर संपल्यावर, आणि हातमोजे घालून. चीक लागला की कातडीची आग होते. मला एकदा कोपरापर्यंत फोड आले होते.

जांभळाच रंग हवा असेल तर त्याच तारेवर गोकर्ण सोडा. जूनच्या पावसात बी टाका, पाऊस संपायच्या आत फुलं येतील.