साधना कट करू का?

प्रश्न : ताई, माझं कपाळ मोठं आहे, केस लहरी. ‘साधना कट’ शोभेल का? लेयर्सही हवेत. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अभिनेत्री साधनाचं रुंद कपाळ झाकायलाच कपाळावर सरळ झुलपं सोडणारा तो कट केला गेला आणि १९६०मध्ये गाजला. पण तुझ्या लहरी केसांत ती सरळ झुलपं पावसाळ्यात वर उडतील. त्यापेक्षा मधे भांग पाडून गालाच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या बटा घे. केस कोरडे असतानाच कापायला सांग. ओले केस लांब दिसतात, वाळले की आखडतात. लेयर्स हनुवटीखालून. न्हाल्यावर आधी पुढचेच केस वाळव. ड्रायरचा झोत वरून खाली, ब्रश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तेल मात्र या बटांना नको, आजी रागावली तरी! चिकट वाटल्या तर बेसिनवर तेवढ्याच धू.